सांगलीतलं घर विकायचंय. जाहिरातीत पुराचं पाणी लिहावं का?

घाटावरची (सोमवार, रात्री ९:२०)

नमस्कार मंडळी. गावभाग या सांगलीच्या जुन्या वस्तीतलं आमचं घर विकायचं ठरलंय. बाबा गेल्यापासून आई एकटीच राहते, तिला जिना चढवत नाही, आणि आम्ही दोघी बहिणी पुण्यात. जुनं माळवदी घर उतरवून बाबांनी १९८६ साली हे दुमजली बांधलं. जाहिरातीचा मसुदा मी असा केलाय:

"त्वरित विकणे आहे. सांगलीच्या मध्यवस्तीत मोक्याच्या ठिकाणी, सर्व सोयींनी युक्त, हवेशीर व प्रशस्त दुमजली घर. स्टँड, मंदिर, बाजारपेठ ५ मिनिटांवर. निर्वेध मालकी. फक्त शाकाहारी कुटुंबासाठी. किंमत समक्ष. एजंट क्षमस्व."

लिहून झाल्यावर वाचलं तर हे गल्लीतल्या कुठल्याही घराला चिकटवता येईल असं वाटलं. आमचं घर यात कुठेच दिसेना.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. २००५ साली पाणी पायरीला लागून परत गेलं. २०१९ ला तळमजल्यात साडेतीन फूट होतं, २०२१ ला साधारण एक फूट. बहीण म्हणते हे लिहिलंस तर एकही फोन येणार नाही. आई म्हणते, "आपल्याला कुणी न सांगता असं घर गळ्यात मारलं असतं तर?" जाहिरात कशी लिहावी, आणि पाण्याचं काय करावं?

भडंगवाला (सोमवार, रात्री ९:३४)

ताई, गावभागात पाणी येतं हे सांगलीतल्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. लिवलं काय, न्हाई लिवलं काय. किती येतं ते लिवा. तेवढंच माणसाला ठावं नसतंय.

शंभरफुटी (सोमवार, रात्री १०:०२)

मी सांगली-मिरजेत बारा वर्षं एजंट म्हणून काम करतोय, त्यामुळे "एजंट क्षमस्व" वाचून थोडं वाईट वाटलं, पण असू दे. माझं मत बहिणीच्या बाजूने आहे. जाहिरातीचं काम माणसाला दारापर्यंत आणायचं. पाण्याचं बोलणं समक्ष करावं, घर दाखवताना, सविस्तर. लपवू नका, मात्र पहिल्या ओळीत पूर लिहिलात तर माणूस पुढचं वाचतच नाही. एकाच वेळी पंधरा घरं बघत असतो तो.

मिरजकर_काकू (सोमवार, रात्री १०:१५)

शंभरफुटी, तुमच्या म्हणण्यातलं एक पटत नाही. धाकट्या जावेसाठी आम्ही घर शोधत होतो तेव्हा प्रत्येक ठिकाणी हेच व्हायचं. जाहिरातीत सगळं गोड, आणि दारात गेल्यावर एकेक निघायचं. दोन रविवार वाया गेले की माणूस चिडतो, मग चांगल्या घराकडेही संशयानं बघतो. एका जाहिरातीत "हवेशीर" होतं, तिथे जिन्याच्या खिडकीला काचाच नव्हत्या. एका ठिकाणी "स्टँडपासून ५ मिनिटं" होतं, ती मोटरसायकलवरची. आमच्या सासूबाई पायी चालणाऱ्या.

जुना_जाहिरातवाला (सोमवार, रात्री ११:४०)

घाटावरची, तुमचा मसुदा वाचून जुने दिवस आठवले. मी बरीच वर्षं एका दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीवर होतो. ही भाषा कुठून आली ते सांगतो.

छोट्या जाहिरातीचे पैसे शब्दांवर असायचे. ठरावीक शब्द एका दरात, त्यापुढच्या प्रत्येक शब्दाला जादा. खिडकीशी आलेला माणूस बोटांवर शब्द मोजायचा. "पूर्वेकडच्या खोलीत सकाळी ऊन येतं" हे पाच शब्द, "हवेशीर" हा एकच. मग हवेशीर. "बाजार, शाळा, दवाखाना जवळ" म्हणायला चार शब्द, "मोक्याचे" एकाच शब्दात. मीच लोकांना असे शब्द सुचवायचो, त्यांचे पैसे वाचायचे.

आता मोबाइलवर जाहिरात टाकताना शब्दाला पैसे पडत नाहीत. तरी सगळे खिडकीशी उभं राहिल्यासारखंच लिहितात. "विकणे आहे" काय, "किंमत समक्ष" काय! तुमच्याकडे जागा आहे, ती वापरा. मोक्याचे, प्रशस्त, सर्व सोयींनी युक्त, हे तिन्ही शब्द खोडा आणि प्रत्येकाच्या जागी तो तुम्ही कशासाठी लिहिला होता ते लिहा.

ओवी (मंगळवार, सकाळी ७:५०)

जाहिरातवाले काका, फार छान लिहिलंत. हे पूर्वी कधी डोक्यात आलं नव्हतं.

यावरून आठवलं. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सायव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो भागातल्या सुमारे एक लाख घरांच्या विक्रीचा अभ्यास केला होता, २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जाहिरातींतले शब्दही तपासले होते. ग्रॅनाइट, मेपलचं लाकूड अशी नावं घेणाऱ्या जाहिरातींची घरं चढ्या भावाला गेलेली दिसली. मोहक, अप्रतिम, प्रशस्त अशा अर्थाचे शब्द आणि उद्गारचिन्हं होती तिथे भाव उतरता दिसला. त्याच अभ्यासात एजंटांची स्वतःची घरं इतरांच्या घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के जास्त किंमत मिळवून गेली, आणि साडेनऊ दिवस जास्त बाजारात राहिली.

शंभरफुटी (मंगळवार, सकाळी ९:१०)

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं का? :) हरकत नाही. घाईनं सौदा केला की किंमत पडते, हे मी गिऱ्हाइकाला रोज सांगतो. त्याच कारणासाठी "त्वरित" हा शब्द पहिल्यांदा काढा. त्वरित वाचलं की घेणारा समजतो यांना पैशाची नड आहे, आणि पहिल्याच फोनवर पाच लाख पाडून मागतो.

प्लिंथ_लेव्हल (मंगळवार, सकाळी ९:४८)

ओवी, ग्रॅनाइट लिहिल्यानं भाव चढला असं मात्र त्यातून निघत नाही. त्या घरांत ग्रॅनाइट खरंच होतं. ज्या घरात सांगण्यासारखं काही नसतं तिथे "अप्रतिम" लिहिलं जातं, असा माझा अर्थ. त्यामुळे घाटावरची ताई, आधी घरात काय आहे ते बघा. बांधकाम लोड बेअरिंग (भार भिंतींवर) की आरसीसी (भार कॉलम-बीमवर)? जोतं रस्त्यापासून किती उंच? फरशी कुठली? गच्चीचं वॉटरप्रूफिंग शेवटचं कधी केलं? बोअर आहे का? वायरिंग पुरानंतर बदललं का? मी सिव्हिल इंजिनीअर आहे. घेणारा मला बरोबर नेतो तेव्हा मी हेच विचारतो.

घाटावरची (मंगळवार, दुपारी १:२५)

इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. प्लिंथ_लेव्हल, आईला फोन करून विचारलं. लोड बेअरिंग, विटांचं, वर स्लॅब. जोतं रस्त्यापासून अडीच फूट, बाबांनी मुद्दाम चढवलं होतं. खाली शहाबादी, वर मोझॅक. २०१९ नंतर तळमजल्याचं सगळं वायरिंग नवं केलं आणि बटणं साडेचार फुटांवर घेतली. मीटरही वर नेला. २०२१ ला त्यामुळेच वाचलो. हे जाहिरातीत लिहिण्यासारखं आहे हे सुचलंच नव्हतं, आम्हाला ते दुखणं वाटत होतं.

सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर १२६.४ चौरस मीटर आहे. "साधारण दीड गुंठा" लिहिलं तर चालेल का? बाबा तसंच म्हणायचे.

नोंदणीपुरता (मंगळवार, दुपारी २:०५)

नाही चालणार. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तुमचे झाले सुमारे १,३६० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे तुमचा सव्वा गुंठा. उताऱ्यावरचा आकडा आहे तसा लिहा, शेजारी चौरस फूट लिहा. बाबांचा दीड गुंठा घरात राहू दे.

वारणाली_९ (मंगळवार, दुपारी ३:३०)

क्षेत्रफळावरून माझं सांगतो. फ्लॅट बघताना एकाने ९५० लिहिलं होतं. आत टेप लावली तर ६८०. विचारलं तर म्हणे सुपर बिल्टअप, म्हणजे जिना, लिफ्ट, पार्किंगचा हिस्सा धरून. कार्पेट म्हणजे सगळ्या भिंती सोडून उरतं ते, एवढंच लिहावं माणसानं.

साक्षीदार (मंगळवार, सायंकाळी ५:५५)

थोडी दुरुस्ती. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा, त्यातल्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची सोडतात. तुम्ही मोजताना आतल्या भिंती सोडल्या असतील तर तुमचा आकडा थोडा कमी आला असेल, पण २७० फुटांचा फरक त्यानं भरून निघत नाही.

घाटावरची ताईंना कुणी सांगेल की जाहिरातीत महारेराचा (त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाचा) नंबर आणि क्यूआर कोड हवा. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड बंधनकारक झाला तो बिल्डरच्या नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातींना. स्वतःचं एक जुनं घर विकणाऱ्याला तो लागू नाही.

आता पाण्याबद्दल. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५. मिळकतीतला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधी काळजी घेऊनही त्याच्या लक्षात येणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. गावभागातला पूर असा "न दिसणारा" दोष ठरतो का यावर दोन वकील दोन बाजूंनी बोलतील. पण पाण्यानं भिंत फुगली होती आणि तुम्ही वरून रंग दिला, हे नक्की त्यात येईल. तेव्हा सांगावंच. जाहिरातीतही लिहिलंत तर "मला कुणी सांगितलं नव्हतं" म्हणायला पुढे जागा राहत नाही.

एकटा_प्रवासी (मंगळवार, रात्री ८:४०)

विषय थोडा वेगळा, पण मसुद्यात आहे म्हणून लिहितो. "फक्त शाकाहारी कुटुंबासाठी."

चार वर्षांपूर्वी मी बदलीवर सांगलीत आलो. अशीच जाहिरात वाचून फोन केला. पलीकडून आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. "घर गेलं" म्हणाले. आठवड्यानं तीच जाहिरात पुन्हा होती. मी शाकाहारीच आहे, पण तिथपर्यंत बोलणं पोचलंच नाही. त्या रात्री बायकोला काय सांगावं कळेना, "आवडलं नाही" म्हणून मोकळा झालो.

ताई, तुम्ही घर भाड्यानं देत नाही, विकताय. खरेदीखत झाल्यावर त्या चुलीवर काय शिजेल यावर तुमचा काय हक्क राहणार? त्या ओळीनं तुमच्याकडे येणारी निम्मी माणसं कमी होतील, आणि उरलेल्यांतल्या काहींना तुमच्याबद्दल वाईट वाटेल.

घाटावरची (मंगळवार, रात्री ९:१५)

एकटा_प्रवासी, माफ करा. शेजारच्या जाहिरातीत बघून मी ती ओळ न विचार करता उचलली होती. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "काढ ते. पुरात आपल्याला बोटीत घेतलं त्यांनी काय खाल्लं होतं हे विचारलं होतं का आपण?" ओळ काढली.

भडंगवाला (मंगळवार, रात्री ९:२२)

आईस्नी नमस्कार सांगा.

प्लिंथ_लेव्हल (मंगळवार, रात्री १०:३०)

पाणी कसं लिहायचं यावर दिवसभर विचार करत होतो. सांगलीकराला पूर फुटांत कळतो, आणि तोही आयर्विनच्या, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या फुटांत. पूल १९२९ चा, आणि आजही पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न "आयर्विनला किती?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे इथल्या शाळकरी मुलाला पाठ असतं. मग घराचं वर्णनही त्याच मापात का करू नये?

२०१९ ला आयर्विनला ५७ फुटांच्या वर, साधारण साडेसत्तावन्न होतं. तुमच्या घरात साडेतीन फूट. म्हणजे तुमच्या तळमजल्याची फरशी आयर्विनच्या ५४ फुटांच्या आसपास येते. २०२१ ला पातळी ५५ च्या आसपास होती, घरात एक फूट. जुळतंय. २००५ ला ५३ च्या पुढे, पाणी पायरीला. तेही जुळतंय. तीन पुरांचे तीन आकडे एकमेकांशी जमतात, असा पुरावा फार थोड्या घरांकडे असतो.

एक सावधगिरी: पुराच्या पाण्याला उतार असतो, नाले उलटे वाहतात, त्यामुळे दोन गल्ल्या पलीकडे हा हिशोब चालेलच असं नाही. म्हणून "५४ फुटांना पाणी येतं" असं ठाम लिहू नका. तीन वर्षं, तीन मापं लिहा, बाकीचं सांगलीकर स्वतः काढेल. पाटबंधारे खात्याच्या पूररेषाही आहेत. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर कुठल्या रेषेच्या आत आहे ते महापालिकेत विचारून ठेवा. पुढे कुणाला पाडून बांधायचं असेल तर पहिला प्रश्न तोच येईल.

शंभरफुटी (मंगळवार, रात्री ११:०५)

हे वाचून मी माझं मत बदलतो, अर्धं तरी. "पूर येतो" लिहिणं वेगळं आणि हे वेगळं. हे वाचणाऱ्याला वाटेल, या माणसानं घर जपलंय. फक्त ते पहिल्या ओळीत नको. आधी घर उभं करा, मग पाणी.

किंमत मात्र लिहा. "किंमत समक्ष" मुळे ज्यांना परवडत नाही तेही फोन करतात, आणि ज्यांना परवडतं ते लाजून करत नाहीत.

ओवी (बुधवार, सकाळी ८:१५)

लंडनमध्ये रॉय ब्रूक्स नावाचे एक एजंट होते, १९५० आणि ६० च्या दशकात. रविवारच्या वर्तमानपत्रांत ते घरांच्या जाहिराती द्यायचे आणि घराचे दोष कसलाही आडपडदा न ठेवता लिहायचे. ओल, पडकी भिंत, कुबट वास, सगळं. घर घ्यायचं नसलेली माणसंही त्या जाहिराती वाचायची, आणि घरं विकली जायची. ताई, तुमच्या आईचं म्हणणं तिकडेही कुणीतरी करून बघितलंय.

मिरजकर_काकू (बुधवार, सकाळी ११:००)

फोटोंबद्दल कुणीच बोललं नाही. घर आवरून, कपड्यांच्या दोऱ्या काढून, सकाळी नऊ-दहाच्या उजेडात काढा. मोबाइल छातीच्या उंचीवर धरा. खोली मोठी दाखवणारी ती सोय वापरू नका, माणूस आत आला की खोली आकसल्यासारखी वाटते. न्हाणीघराचा फोटो घाला. बायका आधी तोच बघतात आणि जाहिरातीत तोच नसतो.

आणि दार कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असलं तरी लिहा. ज्याला वास्तू बघायची तो मोबाइलवरचं होकायंत्र घेऊनच येतो.

नोंदणीपुरता (बुधवार, दुपारी १२:२०)

काकूंच्या जोडीला कागदांची एक ओळ. "निर्वेध मालकी" सगळेच लिहितात. काय काय आहे ते लिहा: सिटी सर्व्हे उतारा कुणाच्या नावावर, बांधकाम परवाना आहे का, घरपट्टी कुठपर्यंत भरली, बँकेचा बोजा आहे का. वडिलांच्या पश्चात तिघींची नावं लागली नसतील तर आधी ते करा. माझ्या मेव्हण्याला कुपवाडकडे "एनए प्लॉट", म्हणजे बिगरशेती, म्हणून दाखवलेला निघाला गुंठेवारीतला (शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेला), नियमित न केलेला. बँकेनं कर्ज नाकारलं आणि इसारात दिलेली रक्कम सोडवायला दीड वर्ष गेलं. दोन शब्दांची चूक होती ती.

घेणारी बाई असेल आणि घर तिच्या एकटीच्या नावावर होणार असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. फोनवर सांगा, बऱ्याच जणांना माहीत नसतं.

घाटावरची (गुरुवार, रात्री १०:१०)

दोन दिवस सांगलीत होते. टेप घेऊन आईसोबत घरभर फिरले. टेपचं दुसरं टोक धरायला शेजारचे काका आले. उताऱ्यावर तिघींची नावं बाबा गेल्यावर लगेच लागली होती, आईनं फाइल काढून दाखवली. पूररेषेचं विचारायला सोमवारी महापालिकेत जायचंय.

आईची एक मागणी होती, "या घरात माणसं सुखानं राहिली, हे लिही." मी म्हटलं ते कसं लिहू? मग विचारलं, सुखाचं म्हणजे कुठलं? तर म्हणाली, हिवाळ्यात सकाळी स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत ऊन येतं, चहा तिथेच प्यायचो. ते लिहिलंय. नवा मसुदा:

"सांगली, गावभाग. दुमजली घर, विटांचं, स्लॅबचं, १९८६ सालचं. जागा १२६.४ चौरस मीटर (सुमारे १,३६० चौरस फूट). आतलं मोजलेलं क्षेत्र: तळमजला ६४०, वरचा मजला ५९० चौरस फूट. दार दक्षिणेला. स्वयंपाकघर पूर्वेला, हिवाळ्यात सकाळी ओट्यापर्यंत ऊन येतं. परसात बोअर आणि एक कढीलिंबाचं झाड. दोन्ही मजल्यांवर संडास-न्हाणीघर, त्यामुळे नुसत्या वरच्या मजल्यावरही राहता येतं. गल्ली ९ फुटांची, चारचाकी दारात येत नाही. गणपती मंदिर पायी ८ मिनिटं.

जोतं रस्त्यापासून अडीच फूट. पुराचं पाणी: २००५ ला पायरीपर्यंत, २०१९ ला तळमजल्यात साडेतीन फूट, २०२१ ला एक फूट. वरच्या मजल्यावर कधीही नाही. २०१९ नंतर तळमजल्याचं वायरिंग नवं, बटणं साडेचार फुटांवर, मीटर वर. उत्तरेच्या भिंतीला खाली ओल धरते, दर दोन वर्षांनी गिलावा करावा लागतो.

उतारा आई व दोन मुलींच्या नावे. बांधकाम परवाना आहे. घरपट्टी भरलेली, बोजा नाही."

खाली किंमत घातली आहे, आणि एजंटांना मनाई केलेली नाही, शंभरफुटी.

शंभरफुटी (गुरुवार, रात्री १०:३२)

आभार. गल्ली ९ फुटांची हे लिहिलंत ते उत्तम केलंत. निम्मे सौदे तिथेच अडतात, दारात गाडी वळवताना. "वरच्या मजल्यावरही राहता येतं" हे अजून वर घ्या, दुसऱ्या ओळीत.

जुना_जाहिरातवाला (गुरुवार, रात्री ११:५०)

खिडकीशी असतो तर मी याचे शब्द मोजले नसते.

वारणाली_९ (शुक्रवार, सकाळी ९:०५)

दिवाणखान्यात पुराच्या पाण्याची खूण आहे का अजून? असेल तर रंग द्यायच्या आधी फोटो काढून ठेवा.

घाटावरची (पुढचा बुधवार, रात्री ८:४५)

जाहिरात शनिवारी टाकली. आजपर्यंत सात फोन. बहिणीला वाटलं होतं एकही येणार नाही. दोघांनी पाण्याचं बोलणं निघताच फोन ठेवून दिला. चौघांनी पहिला प्रश्न बटणांचा विचारला. एक कुटुंब रविवारी येऊन गेलं, हरभट रोडला त्यांचं दुकान आहे. त्यांच्या आजी वरच्या खोलीत जाऊन खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. पुढच्या रविवारी इंजिनीअर घेऊन येणार आहेत.

पूररेषेच्या नकाशाची प्रत महापालिकेतून अजून मिळायची आहे, मिळाली की फाइलला लावते.

वारणाली_९, खूण आहे. २०१९ ला बाबांनी पेन्सिलीनं रेघ मारून खाली तारीख लिहिली होती. आई म्हणते तेवढी भिंत सोडून बाकी रंग देऊ.